मॉक देऊनही गुण का वाढत नाहीत?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबरात कॅट आणि पुढे राज्याची एमबीए सीईटी, दोन्ही द्यायच्या आहेत. जूनपासून अभ्यास सुरू आहे. गणिताचं पुस्तक दोनदा संपवलं, सूत्रांची वही केली, व्हिडिओ पाहिले. प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणं सुटतात. तरी मॉक टेस्टमध्ये गुण आहेत तिथंच आहेत. असं का होत असेल? मॉकची संख्या वाढवू का? आणि ‘प्रश्न सोडायला शीक’ असं सगळे सांगतात, म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणं सुटतात’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचून पाहा. ‘नफा-तोटा’ या मथळ्याखालचं उदाहरण नफा-तोट्याचं आहे, हे पुस्तकानंच सांगून ठेवलेलं असतं. रीत आधीच्या पानावर असते. तुमच्या वाट्याला उरते ती आकडेमोड. पेपरात मथळे नसतात. प्रश्न समोर येतो तेव्हा तो कुठल्या प्रकरणातला, त्याला कुठली रीत लागेल आणि मुळात तो आपण हाती घ्यावा का, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. या ठरवण्याचा सराव प्रकरणवार अभ्यासात होतच नाही. मॉकमध्ये गुण अडतात ते इथं.

अमेरिकेतल्या डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनी 2007 साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची उदाहरणं ओळीनं दिली, दुसऱ्याला चारही आकृतींची सरमिसळ करून दिली. सरावाच्या वेळी ओळीनं सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची 60 टक्के. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा पारडं फिरलं. पहिला गट 20 टक्क्यांवर आला आणि दुसरा 63 टक्क्यांवर राहिला. सरावाच्या वेळी जो हुशार वाटत होता, तोच परीक्षेत मागे पडला.

वाचनाचंही तसंच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 साली विद्यार्थ्यांना सूर्य, सागरी पाणमांजरं अशा विषयांवरचे छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं तो एका सत्रात वाचला आणि नंतरच्या तीन सत्रांत कागद मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : 83 विरुद्ध 71 टक्के. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. तुम्ही पुस्तक दोनदा संपवलंत, त्यात दुसऱ्या फेरीला ‘हे येतं आपल्याला’ असं वाटलं असणार. ती ओळखीची खूण असते, पकड आलेली असतेच असं नाही. व्हिडिओत शिक्षक भराभर सोडवतात तेव्हाही असंच फसायला होतं. पाहताना सगळं पटतं, पण पेन हातात घेतल्यावर पहिली ओळ सुचत नाही.

म्हणून अभ्यासाची रचना बदला, तास वाढवण्याची घाई करू नका. नवीन प्रकरण शिकताना पहिले एक-दोन दिवस त्याच प्रकारची उदाहरणं ओळीनं सोडवायला हरकत नाही, रीत बसायला ती लागतातच. त्यानंतर मात्र रोजचा सराव मिसळीचा ठेवा : दोन उदाहरणं टक्केवारीची, दोन काळ-काम-वेगाची, एक भूमितीचं, दोन बीजगणिताची, आणि क्रम कुणाकडून तरी उलटसुलट करून घेतलेला. कॅटचे गेल्या काही वर्षांचे पेपर उत्तरांसह सहज मिळतात. त्यांतून असे संच करणं सर्वांत सोपं. सूत्रांची वही पुन्हा वाचू नका. कोऱ्या कागदावर सूत्रं आठवून लिहा आणि मग वही उघडून ताडून पाहा. एक विषय सलग चार तास करण्यापेक्षा चार दिवस एकेक तास करा. मधल्या विसरण्यामुळे आठवताना कष्ट पडतात, आणि त्या कष्टांनीच तो विषय पक्का होतो.

आता मॉकची संख्या. थर्मामीटर जास्त वेळा लावला म्हणून ताप उतरत नाही. मॉक तुम्हाला दुखणं दाखवते, औषध त्यानंतर घ्यायचं असतं. बहुतेक मुलं मॉक देतात, गुण पाहतात, खट्टू होतात आणि पुढची मॉक देतात. दोन तासांच्या मॉकमागे विश्लेषणाला किमान तेवढाच, जमल्यास दुप्पट वेळ ठेवा. तेवढा वेळ नसेल तर मॉक पुढे ढकला. परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर येईपर्यंत आठवड्याला एक मॉक पुष्कळ झाली.

विश्लेषण करताना पहिली गोष्ट : उत्तरतालिका लगेच उघडू नका. चुकलेले आणि सोडलेले प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून स्वतः पुन्हा सोडवा. मग प्रत्येकासमोर चारपैकी एक शेरा लिहा. एक, ‘येत नव्हतं’. दोन, ‘येत होतं, पण सुचलं नाही’. तीन, ‘सुचलं, पण घाईत चुकलं’. चार, ‘सोडायला हवा होता, धरून बसलो’. या चार दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यासाठी पुस्तकाकडे जावं लागतं. दुसऱ्यासाठी मिसळीचा सराव हवा. तिसऱ्यासाठी कच्चं काम नीट मांडण्याची सवय लागते. चौथ्याला पुस्तकात औषधच नाही. अभ्यास करणाऱ्या मुलांच्या वहीत दुसऱ्या आणि चौथ्या शेऱ्यांचीच गर्दी असते, आणि ती मुलं मात्र पहिल्या दुखण्याचं औषध घेत राहतात, म्हणजे पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला काढतात.

चुकांच्या वहीत नोंद कशी असावी, ते एका उदाहरणावरून पाहू. प्रश्न असा : दुकानदार छापील किमतीवर 20 टक्के सूट देतो, तरी त्याला 20 टक्के नफा होतो. छापील किंमत खरेदीपेक्षा किती टक्के जास्त आहे? घाईत उत्तर येतं 40. वहीत ‘सिली मिस्टेक’ एवढंच लिहिलंत तर ती नोंद वाया गेली. नोंद अशी हवी : ‘सूट छापील किमतीवर, नफा खरेदीवर, दोन टक्क्यांचे आधार वेगळे, मी त्यांची बेरीज केली. खरेदी 100 धरली तर विक्री 120. हे 120 म्हणजे छापीलच्या 80 टक्के, म्हणून छापील 150. उत्तर 50.’ आणि त्याखाली पुढच्या वेळेसाठी सूचना : ‘एका प्रश्नात दोन टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे?’ ही शेवटची ओळ महत्त्वाची, कारण हाच प्रश्न पुन्हा येणार नाही, पण हीच खोच चक्रवाढ व्याजात, मिश्रणात, लोकसंख्येच्या गणितात वेगळा वेश घेऊन येईल. पुढची मॉक देण्याआधी फक्त अशा सूचना चाळायच्या.

आता ‘सोडायला शीक’ याबद्दल. हा उपदेश शाळा-कॉलेजात वाढलेल्या आपल्या स्वभावाविरुद्ध जातो. बोर्डाच्या परीक्षेत पेपर पूर्ण सोडवणारा शहाणा ठरतो. कॅटचा हिशोब वेगळा आहे. 2024 च्या कॅटमध्ये 120 मिनिटांत 68 प्रश्न होते : व्हार्कमध्ये, म्हणजे भाषा आणि उताऱ्यांच्या विभागात 24, डीआयएलआरमध्ये, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या विभागात 22, क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात 22. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं. एका विभागातून दुसऱ्यात वेळ उसना घेता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण, म्हणजे एकूण 204. या परीक्षेत अलीकडच्या वर्षांत साधारण निम्म्या किंवा त्याहूनही कमी गुणांवर 99 पर्सेंटाइल मिळालेलं आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णव तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी कॅट दिली, म्हणजे 99 पर्सेंटाइलच्या पुढेही जवळपास तीन हजार जण होते. पेपर अवघड निघाला तर तो सगळ्यांनाच अवघड असतो. तुम्हाला इतरांपेक्षा चांगली निवड करायची आहे, पेपर संपवायचा नाही.

क्वांटमध्ये 22 प्रश्नांना 40 मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 109 सेकंद. एका हट्टी प्रश्नावर सहा मिनिटं घालवली की तीनपेक्षा जास्त प्रश्नांचा वेळ गेला, आणि तेही बहुधा शेवटी असलेल्या सोप्या प्रश्नांचा. यावर फेऱ्यांची पद्धत वापरा. पहिल्या फेरीत सगळे प्रश्न वाचा. अर्ध्या मिनिटात वाट दिसली तर तिथंच सोडवा. वाट दिसते पण लांबची आहे, अशांवर खूण करून पुढे जा. काहीच उमगत नाही, तो प्रश्न तुमच्यापुरता पेपरात नाही. दुसरी फेरी फक्त खुणेच्या प्रश्नांची. विभागाच्या आत पुढेमागे जाता येतं, त्याचा हा उपयोग. हाती घेतलेला प्रश्न दोन मिनिटांत पुढे सरकत नसेल तर खाली ठेवायचा, मग त्यावर कितीही घाम गाळलेला असो. गेलेली मिनिटं वसूल करण्याच्या नादात पुढची मिनिटं जातात.

डीआयएलआरमध्ये हा नियम आणखी कडक. तिथं प्रश्न सुटे नसतात, चार-चार पाच-पाचांचे संच असतात. पहिली पाच मिनिटं एकही संच न सोडवता सगळे नुसते वाचा. माहिती मांडायला तक्ता करता येतो का, अटी ठोस आहेत की ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’ अशा सैल आहेत, पूर्ण कोडं न सुटताही एखाद-दुसरं उत्तर मिळेल का, एवढं पाहून क्रम लावा. पाचांपैकी दोन संच नीट आणि तिसऱ्यातले एक-दोन प्रश्न झाले तरी या विभागात तुम्ही चांगल्या जागी असता. पाचही संचांना हात लावून एकही पुरा न करणारा मात्र हमखास तळाला जातो. ही निवड घरीही शिकता येते. जुन्या पेपरातले पाच संच घ्या, पाच मिनिटांत क्रम लावा, मग पाचही सोडवून तुमचा अंदाज कुठं चुकला ते पाहा.

तुक्का मारावा का, याचंही गणितच आहे. कॅटमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नाला चुकीच्या उत्तराला 1 गुण जातो. डोळे मिटून चार उत्तरं दिली तर सरासरीनं एक बरोबर : 3 मिळाले, 3 गेले, हाती शून्य. दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर मात्र दर प्रश्नाला सरासरी 1 गुण फायद्याचा. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर टंकावं लागतं, त्यांत चुकीला दंड नाही. तिथं काही उत्तर हाती आलं असेल तर रकाना रिकामा ठेवू नका.

त्याच पत्रात या वाचकांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत.

प्रश्न : कॅटचा अभ्यास सीईटीला पुरतो का?

उत्तर : पाया पुरतो, खेळण्याची रीत पुरत नाही. राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी आतापर्यंत 200 प्रश्नांची आणि 150 मिनिटांची राहिली आहे : तर्काचे 75, आकृत्यांवरच्या तर्काचे 25, गणिताचे 50, भाषेचे 50. म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. चुकीला दंड नाही, पर्याय पाच. कॅटमध्ये कमावलेली ‘सोडून दे’ची सवय इथं थोडी बदलावी लागते : प्रश्न सोडवायचा सोडा, पण उत्तर कोरं ठेवू नका. वेळ संपत आला की उरलेल्या सगळ्यांना काहीतरी खूण करायलाच हवी. पाचांत एक या हिशोबानं काही गुण सहज पदरात पडू शकतात, आणि मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेशाच्या रेषेवर तेवढ्यानंही फरक पडतो.

सीईटीत आणखी एक कला लागते, पर्यायांवरून उलटं जाण्याची. उदाहरणार्थ : दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज 9, अंकांची अदलाबदल केली तर संख्या 27 नं कमी होते. ती कोणती? पर्याय 45, 54, 63, 72, 81. समीकरण मांडत बसलात तर मिनिट जाईल. 63 मधून 36 वजा करून पाहिलं की 27, काम झालं. कॅटच्या तयारीत रीतसर मांडणीची सवय लागलेली मुलं सीईटीत मागे पडतात ती इथं. कॅट नोव्हेंबरअखेर होते, सीईटी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमाराला. मधल्या महिन्यांत नवीन गणित शिकू नका. आकृत्यांचे प्रश्न कॅटमध्ये नसतात, ते सुरू करा, बैठक व्यवस्था, नातेसंबंध, सांकेतिक भाषा यांचा वेग वाढवा, आणि पाढे, वर्ग, अपूर्णांकांचे टक्के तोंडपाठ ठेवा. कॅटमध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, त्याची चटक लागली असेल तर ती डिसेंबरातच मोडा.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. उतारे वाचून समजतात, पण प्रश्नांची उत्तरं चुकतात. शब्दसंग्रह वाढवू का?

उत्तर : शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. कॅटच्या व्हार्कमध्ये 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि बाकीचे परिच्छेदाचा सारांश किंवा वाक्यांचा क्रम अशा धाटणीचे. सुटा शब्दार्थ जवळजवळ विचारलाच जात नाही. उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, पर्यावरण, अर्थकारण, कला अशा कुठल्याही विषयावर येतात. अडचण इंग्रजीची कमी आणि युक्तिवाद पकडण्याची जास्त असते. एक सराव करून पाहा : रोज एक लांब इंग्रजी लेख वाचा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून मराठीत एकच वाक्य लिहा, ‘इथं लेखक काय करतोय?’ मत मांडतोय, दुसऱ्याचं मत सांगतोय, ते खोडतोय, की दाखला देतोय? उताऱ्यात मांडलेलं प्रत्येक मत लेखकाचं नसतं, आणि बहुतेक चुका तिथंच होतात. मराठीत विचार करून ही पकड आली की परीक्षेत ती इंग्रजीतही राहते. पर्याय निवडताना कसोटी एकच : याला आधार देणारं वाक्य उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं का? पर्याय खरा वाटतो, आपल्याला पटतो, पण उताऱ्यात नाही, तर तो चूक. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्व’ असे शब्द असलेल्या पर्यायांकडे जास्त संशयानं पाहा.

शेवटी दोन गोष्टी व्यवहाराच्या. परीक्षांचे नमुने बदलतात. कॅट 2009 पासून संगणकावर आली, 2015 मध्ये तीन विभागांची आणि 180 मिनिटांची झाली, 2020 मध्ये 120 मिनिटांवर आली. म्हणून दोन्ही परीक्षांची त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली की स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. दुसरं, आयआयएममध्ये केवळ कॅटवर प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि पुढची मुलाखत यांनाही वजन असतं. कॅटपायी शेवटच्या वर्षाचे पेपर वाऱ्यावर सोडू नका. तुमच्या विद्यापीठाची सत्र परीक्षा आणि कॅट एकमेकांच्या अंगावर येत असतील, तर वेळापत्रक आजच मांडा आणि सत्र परीक्षेच्या आठवड्यांत मॉकला सुट्टी द्या.

येत्या रविवारी नवी मॉक देऊ नका. गेल्या तीन मॉक काढा, चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर चारपैकी एक शेरा लिहा आणि शेरे मोजा. ज्या शेऱ्याची संख्या सर्वांत मोठी निघेल, पुढच्या महिन्याचा अभ्यास त्याच्यासाठी ठेवा.